सांगलीच्या कृष्णाकाठी पायी फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत नदीवर जाणं म्हणजे बहुतेकांसाठी घाटावर गाडी लावायची, पाच मिनिटं पाणी बघायचं, भेळ खायची आणि घरी यायचं. मी गेली पंधरा वर्षं हा काठ पायी फिरते. आधी वडिलांबरोबर, मग मैत्रिणींबरोबर आणि आता लेकीला नि तिच्या वर्गातल्या मुलांना घेऊन. बरोबर येणारे लोक जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वाटा लहान आहेत, तास-दोन तासांच्या. नदी मात्र लहान नाही, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

सांगलीत ना डोंगर, ना चढ. मग इथे ट्रेक कसला?

चढ हवा असेल तर मिरज तालुक्यात दंडोबा आहे, देवराष्ट्रेजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. नदीकाठाचं चालणं वेगळं. दम कमी लागतो, पण नजर सतत जागी ठेवावी लागते. घाटाच्या पायऱ्या, मळीतली म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीतली पायवाट, उसाच्या दोन फडांमधली पाणंद, उंबराच्या मुळ्यांवरून उतरणारा पाणवठा, असं सगळं एकाच फेरीत पायाखाली येतं. शिवाय पावसाळ्यात नदी या वाटेवरून वाहून जाते, त्यामुळे गेल्या हिवाळ्यातली पायवाट यंदा जागेवर असेलच असं नाही. दर वर्षी नोव्हेंबरात पहिल्या फेरीला निघताना मला अजूनही शाळेच्या पहिल्या दिवसासारखं वाटतं.

पहिल्यांदाच जायचंय. सुरुवात कुठून करू?

गणपती मंदिरापासून. चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांनी १८११ मध्ये बांधायला घेतलेलं हे मंदिर १८४४ साली पुरं झालं. दर्शन झालं की लगेच निघू नका, आधी मंदिराचं जोतं किती उंच आहे ते बाहेरून बघा. नदीशेजारी बांधणाऱ्यांना नदीची ओळख होती, हे त्या जोत्यावरून कळतं.

तिथून नदीकडे उतरा आणि घाट पायी बघा. सरकारी घाट, विष्णू घाट, स्वामी समर्थ घाट, माई घाट, प्रत्येकाची वर्दळ वेगळी. कुठे पहाटे पोहणारे, कुठे कपडे धुणाऱ्या बायका, कुठे दशक्रियेला आलेली माणसं. घाटावर कुणाचं दुःखाचं काम चालू असेल तर वरच्या बाजूने जा, आवाज करू नका. वसंतदादा पाटलांचं स्मारकही याच काठावर आहे. जुलै १९४३ मध्ये दादा आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून गणेशदुर्गाच्या तटावरून खंदकात उड्या टाकून बाहेर पडले होते. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना इथेच सांगा, घरी सांगण्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

फेरीचा शेवट आयर्विन पुलावर करा. १९२९ साली हा पूल झाला आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. पुलावरून दोन्ही काठ एकदम दिसतात, पलीकडे सांगलीवाडी. रमतगमत गेलात तरी ही सगळी फेरी सव्वा-दीड तासात होते.

हरिपूरची वाट कशी आहे?

माझी सगळ्यात लाडकी. शहरापासून हरिपूरचा संगम तीन-चार किलोमीटर. जाताना तास, येताना तास आणि संगमावर बसायला हवा तेवढा वेळ. एक खरं सांगते, पूर्ण वाट पाण्याच्या कडेने जात नाही. काही भाग डांबरी रस्त्याचा आहे, गाड्या असतात, उजवीकडून समोरची वाहनं बघत चाला. वाटेत चिंचेची मोठी जुनी झाडं लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याखाली पडलेल्या चिंचा वेचत चाललं की तीन किलोमीटर कधी संपले ते मुलांना समजत नाही.

हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. गावात शिरताना चालण्याचा वेग कमी करा, वाडे आणि देवळं बघण्यासारखी आहेत. श्रावणात सोमवारी संगमेश्वराची यात्रा असते, तेव्हा अख्खी सांगली या वाटेवर असते. गर्दी आवडणाऱ्याने तेव्हा जावं. मला स्वतःला मार्गशीर्षातली साधी सकाळ बरी वाटते.

हरिपुरात "पेवं" दाखवतात म्हणे. ती काय असतात?

हळद साठवायची जमिनीतली कोठारं. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण शेजारून दहा वेळा जाऊनही माणसाला पायाखाली काय आहे त्याचा पत्ता लागत नाही.

वरून दिसतं ते फक्त तोंड, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आत मात्र पोट मोठं, खोली दोन पुरुषांहून जास्त. तळाला आणि कडेला पाला अंथरतात, हळद भरतात आणि तोंड मातीने लिंपून बंद करतात. इथली माती अशी आहे की आत पाणी झिरपत नाही. हवा नसल्यामुळे कीडही जगत नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते. सांगलीला हळदीची पेठ म्हणून जे नाव मिळालं, त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एकदा एक पेव उघडताना मी काठावर उभी होते. तोंडावरची माती खरवडून काढल्यावर कुणीच आत उतरलं नाही. सगळे बाजूला सरकून बसले, तंबाखू मळली, गप्पा सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. पुन्हा थांबले. दुसऱ्यांदा कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हा पहिला माणूस उतरला. आतल्या कोंडलेल्या हवेत प्राणवायू नसतो, घाईने उतरलेला माणूस गुदमरतो. त्या म्हाताऱ्या हमालाने मला एवढंच सांगितलं, "बाई, पेवाला घाई चालत न्हाई." आणि मग वास आला, ओल्या मातीचा आणि हळदीचा एकत्र, तो दुपारपर्यंत ओढणीला होता.

२००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरून हळदीचं मोठं नुकसान झालं आणि त्यानंतर बरीच पेवं वापरातून गेली. आता शीतगृहं आणि गोदामं आहेत. उघडं किंवा पडीक पेव दिसलं तर जवळ जाऊ नका. कडा कच्च्या असतात. मुलांचा हात धरा.

संगमावर नेमकं काय बघायचं?

कृष्णा महाबळेश्वरहून येते, वारणा सह्याद्रीतून, चांदोलीच्या जंगलाकडून. हरिपूरला दोघी भेटतात. संगमेश्वराच्या देवळामागे पायऱ्यांवर बसलात की समोर पाणी पसरलेलं दिसतं. पावसाच्या सुरुवातीला एका नदीचं पाणी जास्त गढूळ असलं तर काही अंतर दोन रंगांची रेघ चालत जाते. बाकीच्या दिवसांत बघायचं ते पाण्याचं वळण. मधेच भोवरे कसे तयार होतात आणि विरतात, ते बघत मी अर्धा अर्धा तास बसले आहे. पलीकडे कोल्हापूर जिल्हा, कोथळीकडे जाणारा पूल झाल्यामुळे आता वरूनही संगमाचा अंदाज येतो.

कृष्णेत खरंच मगरी आहेत का?

आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी राहतात. माणसांवर हल्लेही झाले आहेत, माणसं दगावली आहेत. त्यामुळे या प्रश्नावर मी कुणाला हसू देत नाही.

मगर पाण्याच्या कडेला दबा धरते. नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर, तेही तरंगत्या ओंडक्यासारखे. तिचा झडप घालण्याचा टप्पा म्हणजे पाणी आणि जमीन मिळतात ती रेघ. म्हणजे धोका कुठे आहे? वाकून हात धुण्यात, चप्पल विसळण्यात, कडेला बसून पाय सोडण्यात, कुत्र्याला पाणी पाजण्यात. दहा पावलं वर राहून चालणाऱ्याला मगरीचं भय फार कमी आहे. म्हणून आमचा नियम साधा आहे: घाट सोडला की पाण्यापासून निदान दहा मोठी पावलं दूर.

थंडीत सकाळी उन्ह वर आलं की मगरी काठावर शेकायला येतात. लांबून, उंचावरून, दुर्बिणीने बघा, आयुष्यभर लक्षात राहील असं दृश्य असतं. तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली तर ती तुमच्यावर चिडलेली आहे असं समजू नका. तोंड उघडून ती अंगातली उष्णता सांभाळते. फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मात्र जास्त जपा. या काळात मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याजवळच राहते. पिल्लं बाहेर येतात ती पावसाळ्याच्या आधी. उकरलेली, भुसभुशीत माती आणि बाजूला ओढल्याच्या खुणा दिसल्या की तिथून मागे फिरायचं.

ओढल्याच्या खुणा म्हणजे कशा?

ओल्या गाळावर एक रुंद, गुळगुळीत घसरपट्टी, पाण्याकडे गेलेली. तिच्या मधोमध शेपटीची बारीक, किंचित नागमोडी चर. दोन्ही बाजूंना पंजे, नखांसकट. म्हैस पाण्यातून वर आली की चिखल तुडवून खड्डे पडतात. मगरीची खूण इस्त्री केल्यासारखी असते. एकदा बघितली की पुन्हा चूक होत नाही. खूण ओली आणि चकाकती असेल तर ती आत्ताची आहे.

मगर वस्तीच्या किंवा घाटाच्या अगदी जवळ दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दगड मारू नका, कुणाला मारू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे घर तिचं आहे.

निदान घाटावर तरी पाण्यात उतरलं तर चालेल ना? आमचे आजोबा रोज पोहायचे.

आजही घाटावर रोजचे पोहणारे आहेत, त्यांना तिथली पायरी न् पायरी माहीत आहे. तुम्ही पाहुणे असाल तर उतरू नका. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि शेवटची पायरी कुठे संपते ते वरून कळत नाही, तिच्यापुढे एकदम डोह. बंधाऱ्याच्या आसपास तर मुळीच नाही. पाणी वरून शांत दिसतं, पण मोऱ्यांकडे त्याची ओढ जबरदस्त असते.

पावसाळ्यात जाता येतं का? पूर येणार हे कसं ओळखायचं?

पूर सांगलीत पडत नाही, सांगलीत येतो, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. शहरात पाऊस जेमतेमच असतो. पण महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाणी पडतं. ते धोम, कण्हेर, कोयना अशा धरणांत साठतं, कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सगळं मिळून आपल्याकडे येतं. एकट्या कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट आहे. तिथून विसर्ग वाढवला की तो सांगलीत जाणवायला साधारण दिवस-दीड दिवस लागतो. म्हणजे सांगलीत लख्ख ऊन असतं, वाळत घातलेले कपडे खडखडीत होतात आणि नदी चढत असते. त्यात वारणाही भरून आली तर हरिपूरला कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही, फुगवटा मागे शहराकडे येतो.

आयर्विन पुलापाशी पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर आणि जुलै २०२१ मध्ये ५५ फुटांच्या आसपास. इशाऱ्याच्या पातळीआधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल वस्त्यांतली माणसं सामान बांधायला लागतात. तेव्हा पूर "बघायला" गर्दी करणं मला पटत नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरतंय त्यांच्या वाटेत आपण उभे असतो.

चालण्यापुरता नियम असा: पातळी चढती असेल तर काठाची वाट बंद, आकडा कितीही लहान असो. घाटावर पोचल्यावर एक पायरी नजरेने धरा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. ती पाण्याखाली गेली असेल तर परत फिरा.

मग पूर ओसरल्यावर लगेच जाऊ का?

नका जाऊ. हे फार थोड्यांना माहीत असतं, पण काठ ढासळतो तो पाणी उतरताना. पुरात काठाची माती आतपर्यंत पाणी पिऊन जड झालेली असते. नदीचं पाणी असेपर्यंत तेच तिला बाहेरून आधार देतं. पाणी भराभर उतरलं की आधार जातो आणि ओली दरड उभीच्या उभी खाली बसते. काठाला समांतर जाणारी बारीक भेग दिसली तर तुम्ही आत्ता ढासळणाऱ्या बाजूला उभे आहात, मागे या.

दुसरा धोका गाळाचा. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी मळीतल्या एका मोकळ्या जागेवरून सरळ गेले. वर माती वाळून तडकलेली, ताटाएवढ्या खपल्या पडलेल्या, एकदम कोरडी. चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्याच्या वर आत गेला. खाली नुसतं लोणी. पाय ओढायला गेले की दुसरा रुततो. वडील मागे होते. त्यांनी हाक मारून बसायला सांगितलं, मी मागच्या मागे खपल्यांवर बसले, हातातली काठी आडवी टाकली, तिच्यावर भार देऊन हळूहळू पाय सोडवला. बूट तिथेच राहिला. घरी येईपर्यंत वडील काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून नवीन गाळ दिसला की मी आधी काठीने टोचून बघते आणि मुलांनाही तेच शिकवते. अशा वेळी झटापट करायची नाही, बसायचं आणि अंगाचा भार पसरायचा.

मग जायचं तरी कधी?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. सकाळी साडेसहा-सातला निघायचं, नदीवर धुकं असतं, नऊपर्यंत परत. मार्चपासून साडेआठलाच ऊन चटकतं. एप्रिल-मेमध्ये फक्त पहाटे, तेही घाटापुरतं.

नदी कधी तुडुंब तर कधी डबकी, असं का?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे. पावसाळा संपला की त्यांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवतात, पावसाआधी काढतात. शिवाय ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना नदीतून पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात. वरच्या धरणांतून पाणी सुटायला उशीर झाला की उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडतात.

काठावर काही ठिकाणी घाण वास येतो. पाणी प्यायला चालतं का?

नाही, नदीचं पाणी तसंच तोंडात घालू नका. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं, हे सांगलीचं फार जुनं दुखणं आहे. मी शाळेत असल्यापासून त्याच्याबद्दल ऐकते आहे. जलपर्णीचे हिरवे पुंजके आणि फेस दिसला की खालून चाललेलं काय ते समजतं. पाणी घरून न्या, माणशी एक लिटर.

निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकणारे रोज दिसतात. पुरानंतर कधी बाभळीच्या शेंड्याकडे बघा. डोक्याहून दुप्पट उंचीवर, काट्यांत अडकलेल्या पिशव्या, चिंध्या, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलचा तुकडा. नदी तिथवर होती, आणि आपण तिला दिलेलं तिने तिथे लावून ठेवलेलं असतं. आमच्या फेरीत प्रत्येकाच्या खिशात एक रिकामी पिशवी असते. जाताना चालायचं, येताना वेचायचं.

मळ्यांतून गेलं तर शेतकरी ओरडतात का?

विचारून गेलात तर कुणी ओरडत नाही, उलट पाणी पाजतात. पाणंदीने जा, बांधावरून एकामागे एक चाला, ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. मळीची जमीन म्हणजे पुराने आणलेल्या गाळाची, कसदार. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव याच मातीतली. हिवाळ्यात एखाद्या मळ्यात तोडणी चालू असेल तर विकत मागा. त्या संध्याकाळी भरीत आणि भाकरी करा, आणखी काय सांगू.

ऊसतोड चालू असेल तर त्या फडापासून लांब राहा. कोयते चालतात, ट्रॅक्टर मागेपुढे होतात आणि फडातून निघालेले साप, रानडुकरं कुठल्याही बाजूला पळतात.

सापांचं काय?

काठावर दिवड भरपूर, ती बिनविषारी, पाण्यातले बेडूक-मासे खाते. जपायचं ते घोणशीपासून. ती पाचोळ्यात आणि उसाच्या कडेला वेटोळं करून पडते, रंग पाचोळ्याचाच, आणि जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. तो आवाज आला की जागच्या जागी थांबा, कुठे आहे ते बघा, मग मागे सरका. नाग आणि मण्यारही आहेत.

चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-बांगडी काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून थेट सांगलीचं सिव्हिल गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पायात काय घालायचं?

पट्ट्याच्या चपला नकोत. जुने, घट्ट बसणारे, तळाला खाचा असलेले बूट आणि पूर्ण लांबीची विजार. हातात काठी.

कोणते पक्षी दिसतील?

साध्या डोळ्यांनीसुद्धा एका सकाळी पंधरा-वीस जाती सहज. खंड्या, आणि त्याचा काळा-पांढरा भाऊ कवड्या खंड्या, जो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. ढोकरी, राखी बगळा, नदी सुरय, शराटी. थंडीत धोबी येतो, शेपटी वरखाली करत घाटाच्या पायऱ्यांवर फिरतो. मळ्यात वेडा राघू, उंबरावर तांबट. आणि टिटवी. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर जवळ तिची अंडी आहेत, उघड्यावर, खड्यांच्या रंगाची. पाय जपून टाका आणि आलात तसे परत जा.

लहान मुलं आणि आजी-आजोबा येऊ शकतात का?

गणपती मंदिर ते घाटांची फेरी सगळ्यांना जमते. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी वरच्या रस्त्याने चालावं. गुडघे फारच दुखत असतील तर शहरातली आमराई बाग आहे, सावली भरपूर, बसायला जागा, फक्त नदी नाही. मळीच्या वाटेवर दहा वर्षांखालच्या मुलांना मी नेत नाही. नेलंच तर दोन मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पाण्याच्या बाजूला मोठं माणूस.

एकटीने गेलं तर चालतं का?

घाटांवर सकाळी वर्दळ असते, तिथे मी कित्येकदा एकटी गेले आहे आणि जात राहीन. मळीत आणि पाणंदीत एकटी जात नाही. कारण माणसांचं आहेच, पण पाय मुरगळला, गाळात रुतला तर हाक ऐकायला कुणीतरी हवं. पुरुषांनाही मी हेच सांगते. घरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा, अंधार पडायच्या आत रस्त्यावर या.

तिकीट, परवानगी वगैरे काही लागतं?

घाटांना, हरिपूरला काही नाही. सागरेश्वर अभयारण्यात जाताना प्रवेशद्वारावर नोंद करून तिकीट घ्यावं लागतं.

शहराबाहेर नदीकाठची आणखी एखादी वाट सांगा.

दोन सांगते. पहिली औदुंबर-भिलवडी. औदुंबरला दत्ताचं देऊळ, नृसिंह सरस्वतींनी इथे एक चातुर्मास केला अशी श्रद्धा आहे. झाडी इतकी दाट की भर दुपारी घाटावर गारवा असतो. पलीकडच्या काठावर भुवनेश्वरी. होडी चालू असेल तर नदी ओलांडा, मधोमध गेल्यावर दोन्ही काठांची झाडं पाण्यात उतरलेली दिसतात. होडीत उभं राहायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही, हा मगरींचाच पट्टा आहे. कवी सुधांशू याच गावचे. संक्रांतीला इथे दर वर्षी साहित्य संमेलन भरतं, झाडाखाली बसून कविता ऐकायच्या असतील तर तो दिवस गाठा.

दुसरी वाळवा तालुक्यातल्या बह्याची. नदीच्या पात्रात रामलिंगाचं बेट आहे आणि तिथला मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. राम पूजेला बसले असताना नदीला लोंढा आला, तेव्हा मारुतीने दोन्ही बाहू पसरून प्रवाह दुभंगला, म्हणून गावाचं नाव बहे, अशी कथा. बेटाच्या टोकाला उभं राहिलं की पाणी खरोखरच दोन्ही अंगांनी फुटून जाताना दिसतं. पाणी वाढलेलं असताना बेटावर जाऊ नका, मागची वाट बुडते.

बरोबर खायला काय न्यायचं?

भडंग. सांगलीत राहून याचं उत्तर दुसरं काय देणार? वर बारीक चिरलेला कांदा वेगळ्या डब्यात न्या, आधी मिसळलात तर भडंग मऊ पडतं. संगमावर पोचल्यावर कालवा. हात धुवायला नदीवर वाकू नका, बाटलीतलं पाणी थोडं राखून ठेवा.